बँड सोडलेल्या गायकाचा हिशेब

'हम्मा हम्मा' लागलं की ए. आर. रहमान आठवतो, मणिरत्नमचा 'बॉम्बे' आठवतो, सोनाली बेंद्रेचा नाच आठवतो. ते हिंदीत गायलं कुणी, असं वरातीत त्यावर बेभान नाचणाऱ्यांना विचारा, बहुतेकांची विकेट पडेल. १९९५ चं हे गाणं २०१७ मध्ये 'ओके जानू'साठी नव्याने बांधलं गेलं. या खेपेला आवाज जुबिन नौटियाल आणि शाशा तिरुपतीचे, मधे रॅपला बादशाह. मूळ गायक रेमो फर्नांडिस तेव्हा पासष्टीच्याही आत होता आणि पद्मश्री मिळून त्याला दहा वर्षं झाली होती. गाणं परत आलं, पण त्याच्यावाचून कुणाचं काही अडलं नाही.

आता याच रेमोची १९८४ ची 'गोवन क्रेझी' ही कॅसेट घ्या. शब्द त्याचे, चाली त्याच्या, गळा त्याचा, वाद्यं त्यानेच वाजवलेली, ध्वनिमुद्रण त्याच्या शिवोलीच्या घरात. वेष्टनाचं चित्रसुद्धा त्याचंच. तिच्यातून रेमोला वजा करून दाखवा. काहीच उरत नाही.

एकाच माणसाच्या कारकिर्दीतली ही दोन टोकं. त्यांच्या मधे जे घडलं त्यात आपल्या संगीतव्यवहाराबद्दल बरंच काही सापडतं. रॉक बँडचा गायक एकट्याने गायला लागला की लोक त्याच्या डोक्यात हवा गेली म्हणतात. आपल्याकडे ती हवा जायला आधी बँडचं काहीतरी व्हावं लागतं, आणि ते सहसा होत नाही. इथला गायक बँड सोडतो तो बहुधा हिशेब जमत नाही म्हणून.

परदेशातली गोष्ट उलटी आहे. तिकडे बँड एवढे मोठे होतात की एका माणसाला त्यात कोंडल्यासारखं वाटायला लागतं. पीटर गॅब्रिएल १९७५ मध्ये 'जेनेसिस'मधून बाहेर पडला, 'पोलिस'चा स्टिंग १९८५ मध्ये स्वतःचा अल्बम घेऊन आला, तेव्हा त्यांच्या मागे आधीचे लाखो श्रोते होते. आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फारुख बलसारा, म्हणजे पुढचा फ्रेडी मर्क्युरी, याचंही तेच. शाळेतल्या 'हेक्टिक्स' नावाच्या बँडमध्ये तो पियानो वाजवायचा. मुख्य गायक ब्रूस मरी नावाचा मुलगा होता, ही गंमत अनेकांना माहीत नसते. १९८५ च्या एप्रिलमध्ये फ्रेडीचा 'मिस्टर बॅड गाय' हा स्वतंत्र अल्बम आला. 'क्वीन'च्या मानाने तो फिकाच पडला. आणि त्याच वर्षी १३ जुलैला वेम्बलीच्या 'लाइव्ह एड'मध्ये हाच गायक बँडबरोबर वीसेक मिनिटं उभा राहिला, ती वीस मिनिटं लोक अजून काढून काढून बघतात. २०१८ च्या 'बोहेमियन ऱ्हाप्सडी' चित्रपटात फ्रेडीच्या एकट्याने गाण्यामुळे बँड फुटल्याचा देखावा आहे, तो खोटा आहे. क्वीनचा ड्रमर रॉजर टेलर याने 'मिस्टर बॅड गाय'च्या चार वर्षं आधीच स्वतःचा अल्बम काढला होता आणि कुणी फुटलं नव्हतं. बँड भक्कम असला की एकट्याने केलेली भटकंती परवडते. परत यायला घर असतं.

मुंबईत सत्तरीच्या दशकात असं घर नव्हतं. बँड मात्र होते, आणि भरपूर होते. सिगारेट कंपनीच्या जाहिरातीसाठी भरवलेल्या 'सिमला बीट' स्पर्धेला देशभरातून बँड यायचे. १९७० आणि ७१ च्या स्पर्धांच्या तबकड्याही निघाल्या, त्या आज संग्राहक चढ्या भावाने घेतात. कॉलेजची संमेलनं, हॉटेलांतली नाचाची रात्र, जिमखान्यातला नाताळ हे त्यांचं गिऱ्हाईक. त्या गिऱ्हाइकाला बीटल्स हवे असायचे, स्टोन्स हवे असायचे. स्वतःचं गाणं वाजवलं की लोक बाहेर सरबत प्यायला जायचे. मिळालेलं मानधन चौघापाचांत वाटायचं, त्यातून अॅम्प्लिफायरचं भाडं आणि टॅक्सी वजा. परदेशी गिटारवरची आयात जकात तर विचारूच नका. अशा धंद्यात नोकरी लागली की ड्रमर जायचा, लग्न ठरलं की बेसवाला जायचा. शेवटी गायक एकटा उरायचा. 'एकल कलाकार' या भारदस्त शब्दामागे पुष्कळदा एवढाच इतिहास असतो.

अशाच काळात मराठी घरातून एक रॉक गायक निघाला, आणि त्याची आठवण मराठी वृत्तपत्रांत फारशी निघत नाही. नंदू भेंडे. 'झोपी गेलेला जागा झाला' गाजवणाऱ्या आत्माराम भेंडे यांचा आणि आशा भेंडे यांचा हा मुलगा. घरात फार्स, तालमी, नाट्यस्पर्धा, आणि हा पोरगा केस वाढवून इंग्रजी रॉक गातोय. 'व्हेल्व्हेट फॉग' या बँडमध्ये तो होता. अॅलेक पदमसींनी १९७४ च्या सुमारास 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' मुंबईत केलं तेव्हा त्यात त्याने ज्युडास गायला. हे काम येरागबाळ्याचं नाही. त्या संगीतिकेत येशूपेक्षा ज्युडासच्याच गळ्याची जास्त परीक्षा असते.

पुढे १९७८ मध्ये पु. ल. देशपांडे यांनी ब्रेख्तच्या 'थ्रीपेनी ऑपेरा'वरून 'तीन पैशाचा तमाशा' लिहिलं, थिएटर अॅकॅडमीसाठी जब्बार पटेल यांनी ते बसवलं, आणि त्यातल्या अंकुशच्या भूमिकेत नंदू भेंडे उभा राहिला. लावणीच्या ठेक्याशेजारी, नाट्यपदाशेजारी रॉक गायकीचा गळा, आणि ते सगळं मराठीत. मराठी रॉकची सुरुवात शोधायची तर ती या प्रयोगात शोधावी, असं ठामपणे म्हणता येतं. पण त्या वाटेने पुढे कुणी गेलं नाही. नाटकाच्या संस्थेला पुढचं नाटक होतं, बँडला पुढचं काहीच नव्हतं. १९८२ मध्ये 'डिस्को डान्सर'मध्ये बप्पी लाहिरींनी त्याच्याकडून 'कृष्णा धरती पे आजा तू' गाऊन घेतलं. ज्युडास गाणारा कृष्णाला हाक मारायला आला. त्यानंतरची बरीच वर्षं मालिकांच्या संगीतात गेली. २०१४ मध्ये नंदू भेंडे गेला. उत्तम आवाज, दोन भाषांची जाण, रंगभूमीवरचा धीटपणा हे सारं असलेल्या गायकाची स्वतःची म्हणावी अशी गाणी आपल्या हाती किती आली, हा प्रश्न अस्वस्थ करतो.

रेमोचं वेगळं काय झालं, ते या पार्श्वभूमीवर बघायला हवं.

जन्म १९५३ चा, म्हणजे पोर्तुगीज गोव्यातला. पणजीत शाळेत असतानाच त्याचा 'बीट फोर' हा बँड होता. वास्तुविद्या शिकायला तो मुंबईला जे. जे. मध्ये आला आणि 'सॅव्हेजेस' या तेव्हाच्या आघाडीच्या बँडमध्ये गायला लागला. पदवी घेतली, पण घरं काही बांधली नाहीत. १९७७ च्या सुमारास युरोप आणि उत्तर आफ्रिकेत वाटसरूसारखा फिरला, रस्त्यात वाजवलं, पॅरिसमध्ये फ्यूजन बँडमध्ये राहिला आणि तीनेक वर्षांनी गोव्यात परतला. इथवरची कथा कुणाही हुशार, हौशी पोराची असू शकते. परतल्यावर मुंबईला न जाता शिवोलीतच ठाण मांडायचं, हा निर्णय मात्र त्याचा स्वतःचा. इंग्रजीत स्वतःची गाणी लिहिणाऱ्या भारतीयाला कॅसेट कंपन्या दारात उभं करत नव्हत्या. तेव्हा त्याने चार ट्रॅकचं कॅसेट रेकॉर्डर घरी आणलं.

हे यंत्र कसं चालायचं ते समजून घेतलं पाहिजे, कारण सगळी मेख तिथे आहे. साध्या कॅसेटच्या फितीवर चार समांतर पट्टे. पहिल्यावर ताल, दुसऱ्यावर बेस, तिसऱ्यावर गिटार भरायचं. मग हे तिन्ही एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे आणि पहिले तीन पुसून टाकायचे, की नव्या वाद्यांना जागा झाली. पण एकदा उतरवलं की परत फिरणं नाही. बेस थोडा मोठा वाटला? आता वाटून उपयोग नाही, तो गिटारशी कायमचा चिकटला. शिवाय दर उतरवणीला फितीची खरखर वाढते. त्यामुळे कुठलं वाद्य आधी घ्यायचं, गळा किती मोकळा ठेवायचा, बासरी शेवटी आणायची की मधे, हे गाणं डोक्यात पूर्ण वाजल्याशिवाय ठरवताच येत नाही. स्टुडिओच्या तासाचं मीटर मात्र पडत नाही. रात्री दोनला गाणं सुचलं तर रात्री दोनला गाता येतं.

गंमत अशी की त्याच सुमाराला अमेरिकेत ब्रूस स्प्रिंगस्टीन याच जातीच्या यंत्रावर न्यू जर्सीतल्या घरात एकट्याने गाणी भरत होता. बँडला ऐकवायला म्हणून केलेली ती कच्ची कॅसेट. मग बँडबरोबर स्टुडिओत तीच गाणी करून पाहिली, जमली नाहीत, आणि शेवटी कॅसेटच 'नेब्रास्का' म्हणून १९८२ मध्ये बाजारात आली. त्याच्या पाठीशी बडी कंपनी होती. रेमोच्या पाठीशी एक पिवळी स्कूटर. छापून आलेल्या कॅसेटी तिच्यावर लादून तो म्हापसा, पणजी, मडगावच्या दुकानांत स्वतः पोचवायचा, संपल्या की परत द्यायचा. या तपशिलाची पुढे दंतकथा झाली, पण तो मुळात वितरणाचा निर्णय आहे. मधला माणूस नाही, त्यामुळे कुणाला विचारायचं नाही आणि कुणाला वाटा द्यायचा नाही.

'गोवन क्रेझी'पाठोपाठ १९८५ मध्ये 'ओल्ड गोवन गोल्ड' आली, तिच्यात गोव्याची जुनी कोकणी आणि पोर्तुगीज गाणी होती. त्याच वर्षी श्याम बेनेगलांच्या 'त्रिकाल'मध्ये तो गाताना दिसलाही. १९६१ चा गोवा दाखवणाऱ्या त्या चित्रपटाला रेमो सापडणं यात नवल काहीच नव्हतं, गोव्यातल्या प्रत्येक दुकानात तो होताच. अमली पदार्थांविरुद्धची 'पॅक दॅट स्मॅक', मग 'बॉम्बे सिटी' या कॅसेटी सीबीएससारख्या मोठ्या कंपनीने काढल्या. १९८७ च्या 'जलवा' या चित्रपटाने त्याला देशभर नेलं. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की कंपन्या त्याच्याकडे आल्या तेव्हा त्याच्या हातात विकून दाखवलेला माल होता. नंदू भेंडेच्या वाट्याला अशी स्वतःची जागाच आली नाही. तो दर वेळी दुसऱ्याच्या बैठकीत, दुसऱ्याच्या तालावर, दुसऱ्याच्या दिग्दर्शनाखाली गायला.

स्वतःचं घर असल्याचा आणखी एक फायदा होतो, तो म्हणजे जीभ मोकळी राहते. राजीव गांधी पंतप्रधान असताना गोव्यात आले, तेव्हा सरकारी कार्यक्रमात रेमोने 'हॅलो राजीव गांधी' असं थेट नावाने हाक मारणारं गाणं म्हटलं आणि गोव्याची गाऱ्हाणी त्यांच्या तोंडावर मांडली. स्थानिक वर्तमानपत्रांनी त्याला शिष्टाचारावरून फैलावर घेतलं. पंतप्रधानांनी मात्र गाणं आवडल्याचं पत्र पाठवलं. आजच्या कुठल्या सरकारी व्यासपीठावर असा प्रसंग घडेल, याची कल्पना ज्याने त्याने करावी. आयोजकांच्या यादीतून पुढच्या वर्षी आपलं नाव कटेल या भीतीने गायक गप्प बसतात. ज्याची कॅसेट दुकानात आपल्या बळावर खपते, त्याला ती भीती कमी. १९९२ मध्ये त्याने राजकारण्यांना रॉक अँड रोल येत नाही अशा अर्थाच्या नावाचा अख्खा अल्बमच काढला.

एकट्याने काम करण्याची किंमतही असते, आणि रेमोचे चाहते ती मोजायला तयार नसतात. त्या घरगुती ध्वनिमुद्रणांत ताल अनेकदा यंत्राचा आहे, ताठ आहे. समोर हाडामांसाचा ड्रमर असता तर त्याने एखाद्या कडव्यात वेग सोडला असता, एखाद्या ओळीला हे चालणार नाही म्हणून हट्ट धरला असता. काही गाणी हवी त्यापेक्षा लांबली आहेत, काही विनोद दुसऱ्यांदा ऐकवत नाहीत. नाही म्हणणारा कुणी खोलीत नव्हता. बहुधा हे त्यालाही जाणवत असावं, कारण पुढे रंगमंचासाठी त्याने 'मायक्रोवेव्ह पापडम्स' हा बँड उभा केलाच. नावावरून त्याच्या विनोदबुद्धीचा अंदाज यावा.

मग नव्वदीत सिनेमाने त्याला पुन्हा बोलावलं. 'हम्मा हम्मा' झालं, १९९८ मध्ये 'प्यार तो होना ही था'चं शीर्षकगीत जसपिंदर नरुलाबरोबर झालं, तिला त्यासाठी फिल्मफेअर मिळालं. त्याच वर्षी 'ओ मेरी मुन्नी' हा हिंदी अल्बम आला. पैसा आणि ओळख या काळात सर्वांत जास्त मिळाली. तरी त्याचा खरा बहर १९८४ ते ९२ या आठ वर्षांतलाच, पुढचं सगळं त्या पुंजीवरचं व्याज. सिनेमाने त्याच्याकडून एक विशिष्ट खरबरीत, मस्तवाल पोत घेतला. लेखक रेमोची सिनेमाला गरज नव्हती, वाद्यवृंद रेमोची तर नव्हतीच. म्हणूनच २०१७ मध्ये तो पोत बदलून टाकणं इतकं सोपं गेलं.

कायदा यात थोडा पुढे सरकला आहे. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने चित्रपटातल्या गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा असा वाटा दिला, जो करारात लिहूनही काढून घेता येत नाही. गायकांनीही २०१३ मध्ये आपल्या हक्कांसाठी संघटना नोंदवली, लता मंगेशकर तिच्यामागे होत्या. पण कायदा पैशाचं पाहतो. पुढचं गाणं कुठे गायचं, हे तो सांगत नाही.

आणि आजचा पेच तोच आहे. रेमोच्या घरातलं ते यंत्र आता प्रत्येकाच्या लॅपटॉपमध्ये आहे, चारच्या जागी वाटेल तेवढे ट्रॅक. समजा सांगलीचा एखादा मुलगा इंजिनिअरिंगला जयपूरला गेला, कॉलेजातला बँड शेवटच्या वर्षाला पांगला, आणि तो दुर्गापुऱ्यात टोंक रोडलगतच्या भाड्याच्या खोलीत एकटा मराठी गाणी करतोय. रात्री गाणं पूर्ण झालं की सकाळी ते जगभर उपलब्ध. पिवळ्या स्कूटरचीही गरज नाही. पण शनिवारी संध्याकाळी गिटार घेऊन कॅफेत बसला की फर्माईश येते ती अरिजितची. मुंबईच्या हॉटेलात १९७२ मध्ये बीटल्सची यायची, तशीच. ध्वनिमुद्रण स्वस्त झालं, ऐकणाऱ्यांसमोर स्वतःचं गाणं म्हणायची जागा मात्र महागच राहिली.

अशा जागा आपल्याकडे होत्या. मुंबईत धोबीतलावचं रंगभवन घ्या. १९७८ मध्ये 'जॅझ यात्रा' तिथे सुरू झाली. १९८६ पासून चाललेल्या 'इंडिपेंडन्स रॉक'च्या अनेक मैफली तिथे झाल्या. उदय बेनेगल ज्याचा गायक, तो 'रॉक मशीन' म्हणजे पुढचा 'इंडस क्रीड', आपली स्वतःची इंग्रजी गाणी भरल्या मैदानाला ऐकवू शकला तो या असल्या जागांमुळे. तो बँड १९९७ मध्ये थांबला तरी २०१० मध्ये परत उभा राहिला आणि २०१२ मध्ये त्याने नवा अल्बम दिला. गायकाला परतायला घर राहिलं होतं. पण रंगभवनाशेजारी रुग्णालय आणि महाविद्यालय असल्याने परिसर शांतता क्षेत्रात गेला आणि तिथल्या खुल्या मैफली बंद पडल्या. रुग्णांना शांतता हवीच, त्यात वाद नाही. वाद आहे तो बदल्यात काय दिलं याचा. पुण्यात २०१० पासून 'एनएच सेव्हन वीकेंडर'ने मोठी गर्दी जमवून दाखवली, पण तो वर्षातून एकदाचा जलसा. दर पंधरवड्याला दोनशे माणसांसमोर फसायची सोय त्यातून होत नाही, आणि गाणं सुधारतं ते असं फसूनच.

महाराष्ट्रात नाटकाला ही सोय आहे. पालिकांची नाट्यगृहं आहेत, तारखांची पद्धत आहे, राज्य नाट्य स्पर्धा आहे, नव्या नाटकांना सरकारी अनुदान आहे. तमाशाच्या फडांनाही ते मिळतं. 'तीन पैशाचा तमाशा' उभा राहिला तो अशाच व्यवस्थेच्या अंगणात. बँडसाठी तसा विचार कुणी गांभीर्याने मांडलेला ऐकिवात नाही. फार काही करायचं नाहीये. पालिकेच्या नाट्यगृहांत आडवारच्या रिकाम्या दुपारी असतात, त्यातल्या महिन्याला दोन सवलतीच्या दराने स्वतःची गाणी गाणाऱ्यांना द्याव्यात, अट एवढीच की सिनेमाचं गाणं एकही नको. राज्य नाट्य स्पर्धेच्या धर्तीवर जिल्हावार बँड स्पर्धा घ्यावी आणि अंतिम फेरी आकाशवाणीवर ऐकवावी. रंगभवनाचं काय करायचं यावर बैठका झाल्या असतील तेवढ्या झाल्या, आता ध्वनिरोधक सभागृह म्हणून तरी ते उघडावं. दक्षिण मुंबईत तेवढी मोकळी जागा पुन्हा विकत घेता येणार नाही.